मुश्ताक वर, मुश्ताक खाली

"आंटी, तुम्ही पण के. डी. सरांना फॉलो करता?" तन्वीने विचारलं आणि पेन्सिल ओठांत आडवी धरून ती हसली. कुणाची तरी चोरी पकडल्यावर मुली हसतात तशी, म्हणजे प्रेमानेच. निर्मलाचं बोट अजून फळ्यावर होतं. आत्ताच तिने अपूर्णांकाच्या वरच्या मजल्यावर खडूने टिचकी मारून विचारलं होतं, "वर बघ, मुश्ताक आहे? आता खाली बघ, आहे?" बरकतपुऱ्यातल्या या खोलीत हे दोन प्रश्न तिने किती पोरांना विचारले असतील, कोण मोजत बसलंय. पोरं आधी बावचळत, मग हसत, आणि मग त्यांना वरचा आणि खालचा एक्स अधिक तीन आपोआप दिसायला लागे. आणि ही पोरगी म्हणत होती, फॉलो करता. "कोण गं के. डी. सर?" निर्मलाने विचारलं. "वेट, दाखवते," म्हणून तन्वीने फोन काढला. पडद्यावर मोरपंखी कुर्ता घातलेला, दाढी काळी केलेला एक माणूस नाचल्यासारखा हातवारे करत होता. दाढीमुळे क्षणभर ओळख पटली नाही, पण बोलताना डावा खांदा उचलायची ती सवय निर्मलाने पाळण्यापासून पाहिली होती. तो केदार होता, तिचा धाकटा भाऊ. "ऊपर कौन? मुश्ताक! नीचे कौन? मुश्ताक! तो क्या करना, बच्चों? भगाओ!" असं तो ओरडला, स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज झाला आणि दोन्ही एक्स अधिक तीन पडद्याबाहेर भिरकावले गेले. मग केदार कॅमेऱ्याजवळ आला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "ये मुश्ताक कहाँ से आया, मालूम? मेरे पप्पा निज़ाम के ज़माने में उर्दू में पढ़े हुए. घर में बस पप्पा और मैं. वो बोलते थे मुश्तरक, मतलब कॉमन. मैं छोटा था ना, मैं समझा मुश्ताक!" तन्वीला ते पाठ होतं, ती ओठांनी सोबत म्हणत होती. व्हिडिओ संपल्यावर तिने फोन पालथा ठेवला आणि समजुतीने म्हणाली, "सगळेच टीचर्स त्यांचं घेतात आता. इट्स ओके, आंटी."

निर्मलाला म्हणायचं होतं की अगं वेडे, तो माझा भाऊ आहे आणि ती चूक माझी आहे. पण हे म्हणणार कुणाला? तन्वीचे आईवडील पुण्याहून कंपनीच्या नोकरीसाठी आलेले, समोरच्या नव्या इमारतीत राहणारे. या पोरीला मराठी वाचायला दिलं तर ती शब्द बोटाने ढकलत वाचते. साठीच्या बाईने तिच्यासमोर उभं राहून माझी चूक, माझी चूक म्हणायचं म्हणजे हसंच. तिने मुकाट्याने उरलेलं गणित पुरं करून घेतलं, तन्वी 'बाय आंटी' म्हणून पळाली, आणि खोलीत खडूचा वास आणि निर्मला एवढीच उरली. तेव्हा कुठे तिला नीट दुखायला लागलं, आणि नवल म्हणजे ते मुश्ताकपाशी दुखत नव्हतं. दुखत होतं ते 'पप्पा' या शब्दापाशी, कारण वडिलांना, म्हणजे नानांना, या जन्मात कुणी पप्पा म्हटलं नव्हतं. आणि त्याहून जास्त 'बस' या शब्दापाशी. घर में बस पप्पा और मैं. एवढासा शब्द, पण त्याने तिचं सगळं बालपण ओसरीवरून झाडून टाकलं. आई तर केदार लहान असतानाच गेली होती, ती बिचारी कधीच कुठल्या गोष्टीत नसते. पण निर्मला? तिने त्या पोराला आंघोळी घातल्या होत्या. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती इतकी ती आता, फळ्याकडे बघत, पदराला खडूचे हात पुसत रडली.

नानांना गणित येत होतं, मराठी येत होतं, पण मराठीतलं गणित येत नव्हतं. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, नोकरी महसूल खात्यात. छेदाला ते नसबनुमा म्हणत आणि वर विचारत की तुमच्या पुस्तकात याला छेद का म्हणतात, यानं कुणाला भोक पाडलंय? शिकवायची जागा म्हणजे घराची ओसरी, आणि पाटी म्हणजे ओसरीची शहाबादी फरशी. दोन फरश्यांमधली सांध ही अपूर्णांकाची रेघ; सांधेच्या वरची फरशी वरचा मजला, खालची तो खालचा मजला. निर्मला तेव्हा लहान होती, एक्स-बिक्स अजून यायचे होते. नानांनी वर बारा लिहिले, खाली अठरा लिहिले, मग बाराचे दोन गुणिले सहा केले, अठराचे तीन गुणिले सहा केले, आणि गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "आता वर बघ, मुश्तरक आहे का?" निर्मलाने वर पाहिलं. म्हणजे खरोखरच मान वर करून छताकडे पाहिलं, कारण वरच्या मजल्यावर घरमालक हिम्मतराव राहत आणि त्यांच्या चपलांचा आवाज दिवसभर येई. तिने विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "नाना, वर तर हिम्मतराव राहतात. मुश्ताक कुणी नाही." नाना इतके हसले की फरशीवर आडवे झाले आणि बारा छेद अठरा त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर उमटले. उठून डोळे पुसत ते म्हणाले, "असेल गं, नीट बघ. हिम्मतरावांकडे बसायला आला असेल. आणि त्याचा भाऊ बघ, खालीच बसलाय. त्याचंही नाव मुश्ताक." मग त्यांनी तिला कायदा सांगितला. एकट्याला न्यायचं नाही. वरच्याला चहाला नेलं आणि खालच्याला विचारलं नाही तर तो रुसतो, आणि तो रुसला की उत्तर चुकतं. न्यायचं तर दोघांना एकदम. "चला मियाँ, चहा थंड होतोय," असं म्हणून नानांनी दोन्ही सहांवरून एकेक तिरपी रेघ ओढली, दार हळूच लोटून घ्यावं तशी. दोन छेद तीन उरले. त्या दोघांना कुणी हाकललं नव्हतं, ते चहाला गेले होते.

यातली एक गोष्ट मात्र केदारला माहीत नव्हती, कारण निर्मलाने ती कुणालाच सांगितलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिला खरा शब्द कळला होता. नानांचे उच्चार इतके स्वच्छ होते की दुसऱ्यांदा ऐकल्यावर चुकायला जागाच नव्हती. तरी ती मुश्ताकच म्हणाली. नानांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, त्यांनाही कळलं की हिला कळलंय, आणि त्यांनी विचारलं, "काय, आलाय का आज?" ती म्हणाली, "आलाय, नवा शर्ट घालून." त्यानंतर ती मोठी झाली, अपूर्णांकांत एक्स आले, वर्ग आले, अवयव पाडणं आलं, मुश्ताक कधी एक्स अधिक तीन झाला, कधी दोन एक्स वजा एक झाला, पण ते दोघेही शेवटपर्यंत त्या चुकीला मान देऊन वागले. दोघांनीही एकमेकांना कधी सांगितलं नाही की हे नाटक आहे. आजवर निर्मलाने आयुष्यात जे काही आपलं म्हणून मानलं, त्यात हे पहिलं होतं. घर भाड्याचं होतं, नोकरी सरकारची, संसार नवऱ्याच्या घरचा; चूक तेवढी स्वतःची.

केदार बीजगणितापर्यंत पोचला तेव्हा नानांची नजर अधू झाली होती, खडूने लिहिलेलं त्यांना दिसत नसे. म्हणून त्याच फरशीवर निर्मलाने त्याला शिकवलं. मुश्ताक तिनेच त्याला दाखवला. पोरगं हुशार होतं, पण पाय गल्लीकडे. एक्स अधिक तीन वर आणि एक्स अधिक पाच खाली असं दिलं की हा दोन्ही एक्सवर काट मारून मोकळा, तीन छेद पाच, आणि चालला क्रिकेटला. ती त्याचा कान धरून परत बसवी. "अरे, हे पद आहे, अवयव नाही. गुणाकारात जो आहे तोच सुटतो. बेरजेतला सुटत नाही, तो शेजारच्याला चिकटलेला असतो. ओढून काढलास तर उरलेलं खोटं होतं." तो म्हणे, कुठे खोटं दिसतंय? मग ती किंमत घालून दाखवी. "एक्सच्या जागी एक घाल. वर चार, खाली सहा, म्हणजे दोन छेद तीन. आणि तुझं तीन छेद पाच. आलं का सारखं?" केदार दोन्हीकडे बघून म्हणे, "जवळपास आलंच की, अक्का." आणि ती हसे, तिथेच तिचं चुकलं. जवळपास आलंच की म्हणत तो पुढे वाढला, दुकान काढलं ते जवळपास चाललं, लग्न जवळपास टिकलं, आणि त्याने कितीही घोटाळे केले तरी जेवायच्या वेळी तो नारायणगुड्याहून स्कूटरवर अक्काकडेच येई. मागच्या उन्हाळ्यात असाच आला होता. ओट्याजवळ स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "अक्का, तू पोरांना कसं शिकवतेस ते सांग ना. नुसतं आठवेल तसं." तिने खट्टी दाल वाढता वाढता सगळं सांगितलं, मजले, सांध, हिम्मतराव, रुसलेला मुश्ताक, नानांचा आवाजसुद्धा काढून दाखवला. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला. किती बरं वाटलं होतं तिला. कित्येक वर्षांत कुणी तिला काही विचारलं नव्हतं, आणि हा विचारत होता, म्हणून तिने काही हातचं राखलं नाही. आता वाटत होतं की त्या दिवशी निदान एक तरी गोष्ट चुकीची सांगायला हवी होती.

दुपारी केदारचाच फोन आला. "अक्का, जेवलीस?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "एका पेपरवाल्या मुलीला तुझा नंबर दिलाय. संध्याकाळी फोन करेल. नानांचं विचारेल, मुश्ताकचं विचारेल. जास्त काही बोलू नक्को, फक्त हौ म्हण. हौ, केदार लहानपणी असंच म्हणायचा. बस."

"असं कोण म्हणायचं, केदार?"

"म्हणजे बघितलंस तू," तो म्हणाला. मग एकदम लाडात आला. "अगं, व्हिडिओत गोष्ट सिंपल ठेवावी लागते. तू, मी, नाना, हिम्मतराव, सगळे भरले तर पोरं पुढे सरकतात. मी फक्त सरळ रूप दिलं. तूच शिकवलंस ना, सरळ रूप द्या म्हणून?"

"मी पदं कापायला नव्हतं शिकवलं. बेरजेतली होते मी."

"आता यात गणित कशाला आणतेस?"

"आणि पप्पा कोण?"

"नाना म्हटलं की हिंदीवाल्यांना आईचे वडील वाटतात गं. कन्फ्यूजन नको म्हणून." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की क्षणभर तिला ते पटलंसुद्धा. केदारचं सगळंच क्षणभर पटतं.

"आणि भगाओ?"

या वेळी त्याला खांदा उचलायला बराच वेळ लागला असावा. "तेच तर," तो म्हणाला. "काही लोकांनी ऑब्जेक्शन घेतलंय. म्हणतात, मुसलमानाचं नाव घेऊन हाकलायला शिकवतो. म्हणून तर ती पेपरवाली मागे लागलीये. एका शाळेशी माझं बोलणं चाललंय, तेपण याच्यावर अडलंय. आता घरची मोठी बहीण म्हणाली की लहान पोराची निष्पाप चूक होती, वडिलांनी कौतुकाने जपली, की मिटलं. तू बोललीस तर कोण शंका घेणार? टीचर तू." मग तो हळू आवाजात म्हणाला, "नाना माझेपण होते की नाही, अक्का? मुश्तरकच ना?" शब्द त्याने अगदी बरोबर उच्चारला, नानांसारखा, मधला र नीट उमटवून. व्हिडिओत तो घाईने उरकला होता; इतका बरोबर त्याने तो जन्मात पहिल्यांदा म्हटला, आणि तो ह्यासाठी.

घरात बसवेना. फळा समोर, त्यावर तन्वीने अर्धवट पुसलेला अपूर्णांक. ती पायात चपला घालून निघाली आणि अफझलगंजच्या बसमध्ये बसली. नाना तिला रविवारी तिकडच्या मोठ्या वाचनालयात नेत, स्वतः उर्दू वर्तमानपत्र वाचत, आणि परतताना इराणी हॉटेलात दोघांचा चहा होई, तिचा बशीत. मियाँ लोकांना चहाला न्यायची कल्पना तिथलीच असणार, हे तिला आज, आता, बस मुसी नदीच्या काठाने गचके खात जाताना सुचलं. इतकी वर्षं शिकवूनही सुचलं नव्हतं. हॉटेल अजून होतं, टेबलांचे संगमरवर जाऊन दुसरं काहीतरी चकचकीत आलं होतं. तिने चहा मागवला आणि फोनवर केदारचा तो व्हिडिओ उघडून खालचं वाचायला सुरुवात केली. तन्वीने हे वाचलं नसेल असं ती आपलं धरून चालली. वरती बदाम होते, सर यू आर बेस्ट होतं, गणित कळलं म्हणणारी पोरं होती. जरा खाली गेल्यावर कुणीतरी लिहिलं होतं की मुश्ताकला आमच्या गल्लीतूनपण भगाओ. त्याखाली दुसऱ्याने गल्लीचं नाव दिलं होतं. त्याखाली आणखी काहीबाही होतं, ते बीजगणिताबद्दल नव्हतं. आणि त्यातल्या एकाला के. डी. सरांनी उत्तर म्हणून हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं होतं. तिला राग येत होता तो आधी स्वतःच्या जागेसाठी होता, हे ती कबूल करते. पण आता त्यात काहीतरी दुसरं मिसळलं आणि राग थंड आणि जड झाला. दोन माणसांना नानांनी चहाला नेलं होतं. त्यांना या पोराने लाथ घातली होती, तिच्या तोंडून ऐकलेल्या नावाने, तिच्या घरची खट्टी दाल खाऊन.

खरं सांगावं का? तिने मनाशी वाक्य म्हणून पाहिलं. ती चूक केदारची नव्हती, माझी होती. पण म्हटल्याबरोबर तिला पुढचंही दिसलं, कारण भावाला ती ओळखून होती. तो चिडणार नाही. तो हसेल, म्हणेल, वा अक्का, ये की व्हिडिओत. तिला शेजारी उभी करेल, कुणीतरी तिच्या पातळाला मायक्रोफोन टोचेल, ये हैं हमारी अक्का, असली मुश्ताक इन्हीं का, आणि मग ती म्हणेल वर बघ, खाली बघ, आणि तो ओरडेल भगाओ. स्प्रिंगचा आवाज. शाळेचंही जमून जाईल, कारण निष्पाप चूक ती निष्पापच, पोराची काय आणि पोरीची काय. जवळपास तेच. खऱ्यानेही त्याचंच काम होणार होतं आणि खोट्यानेही. 'हौ' म्हटलं तर ती जाते, 'माझी' म्हटलं तर मुश्ताक जातो, आणि त्याच्यासोबत नानाही, त्या हसऱ्या तोंडाच्या चित्राखाली. चहावर साय धरली होती. तिने ती चमच्याने काढून बशीच्या कडेला लावली, लहानपणी लावायची तशी.

फोन वाजला. मुलगी तरुण होती, अदबीने बोलत होती. "मैडम, केदार सर नंबर दिये करके फोन की मैं. दो मिनट बात कर सकते क्या?"

"बोलो, बेटा."

"वो मुश्ताक वाली बात है ना, सर बोले आपके घर की है. सर छोटे थे, वालिद साहब की बात ग़लत सुन लिये. आप घर में बड़े हैं, इसलिए पूछ रही. सच है क्या?"

निर्मलाला फरशी दिसली. सांधेच्या वर बारा, सांधेच्या खाली अठरा. नानांच्या पाठीवर उमटलेले उलटे आकडे दिसले. तिने उभ्या आयुष्यात कुणा पोराला चुकीचं उत्तर बरोबर म्हणून सांगितलं नव्हतं. "नहीं," ती म्हणाली.

"मतलब, सर नहीं बोलते थे?"

"कोई नहीं बोलता था. हमारे घर में मुश्ताक नाम का कोई नहीं था." मग ती शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "मेरे वालिद बहुत साफ़ बोलते थे, बेटा. उनका बोला ग़लत सुनने का सवाल ही नहीं."

"तो ये सर ख़ुद बनाये?"

"वो उनसे पूछो."

मुलीने शुक्रिया म्हणून फोन ठेवला. निर्मलाने हात मांडीवर एकावर एक ठेवून दिले. केदारने वरच्या मजल्यावरून तिला एकटीला काढलं होतं. तिने नानांचा कायदा पाळला, काढायचं तर दोन्हीकडून एकदम. आता मुश्ताक त्याच्याकडे नव्हता आणि तिच्याकडेही नव्हता. कुणी कधी विचारलं तर तिला आयुष्यभर हेच सांगावं लागणार होतं, की असं कुणी नव्हतं. "चला मियाँ," ती अगदी हळू म्हणाली. शेजारून जाणारा वेटर थांबला. "कुछ बोले, अम्मा?" तिने मान हलवली आणि पैसे ठेवून उठली.

केदारचे फोन रात्रीपर्यंत येत राहिले, तिने घेतले नाहीत. मग त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात तो म्हणाला, "सख्खी बहीण ना गं तू? असं कसं केलंस?" आवाज रडवेला होता, खोटा नव्हता. पडून गुडघा फोडून घेतल्यावर तो अक्काकडे याच आवाजात येई. निर्मलाने तो परत परत ऐकला आणि तिला त्याची दया आली, पण आली म्हणून काही बदललं नाही.

पुढच्या तासाला तन्वी आली तेव्हा निर्मलाने फळा ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता. तिने वर एक्स वर्ग वजा चार लिहिलं, खाली एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक दहा लिहिलं, आणि म्हणाली, "सरळ रूप दे." तन्वीने वहीत भराभर अवयव पाडले. वर एक्स वजा दोन आणि एक्स अधिक दोन, खाली एक्स अधिक पाच आणि एक्स अधिक दोन. मग पेन्सिल थांबवून तिने मान वर केली आणि ती वाट बघत राहिली, हसायच्या तयारीत.

"आता सामाईक अवयव काढ," निर्मला म्हणाली.

"सामाईक म्हणजे?"

निर्मला फळ्याकडे बघत होती. वर बघ, असं तिच्या तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं. "कॉमन," ती म्हणाली.

"ओह, कॉमन," तन्वी म्हणाली, आणि पट्टी लावून तिने वरच्या एक्स अधिक दोनवर एक रेघ मारली, खालच्यावर एक रेघ मारली. एक्स वजा दोन छेद एक्स अधिक पाच उरलं. उत्तर बरोबर होतं. निर्मलाने त्याच्या बाजूला लाल पेनने बरोबरची खूण केली आणि पुढचं गणित घातलं.